शिक्का असेल तर अधिक तीन

लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई हमखास विचारते, "तुम्ही नोकरीत काय करत होता?" मी म्हणते, "प्रकाशनात होते." ती म्हणते, "म्हणजे पुस्तकं?" मी हो म्हणते आणि वाढप्याला हाक मारून मठ्ठा मागून घेते. याच्यापुढं खरं सांगायला गेलं की पंगत उठते, पण समोरच्याला काही समजलेलं नसतं. खरं असं आहे की नोकरीची शेवटची सहा वर्षं मी एका खेळाच्या गिऱ्हाइकांना उत्तरं लिहीत होते. तो खेळ पटावर खेळत नाहीत, मैदानावर खेळत नाहीत, मोबाइलवर तर नाहीच, आणि त्यात जिंकत कुणीच नाही. दिवाळीच्या निमित्तानं वाचक जरा सैल बसलेले असतात, तेव्हा एकदाचं सांगून टाकते.

सांगलीत आमचं प्रकाशन होतं. गाईडं, प्रश्नसंच, सरावाच्या वह्या आणि भिंतीवरची दिनदर्शिका. मालक अण्णा मगदूम. सज्जन माणूस, सूर्यास्ताच्या आत जेवणारा, आणि जगात एकाच गोष्टीला घाबरणारा: अभ्यासक्रम बदलण्याला. मी तिथं प्रुफं तपासायची. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळाला. स्वतःच्या चुका करायची सोय पुढं झाली, ती अण्णांच्या मुलीमुळं.

अमृता पुण्याला शिकायला गेली आणि येताना डिग्रीबरोबर एक खेळ घेऊन आली. खेळ म्हणजे दीडशे पानांचं पुस्तक, एक नकाशा आणि दहा बाजूंचा एक फासा. नाव 'तालुका'. एक काल्पनिक तालुका, आजचाच. एसटी स्टँड, झेरॉक्सची दुकानं, रेंज नसलेला माळ, कचेरी. चार-पाच जणांनी बसायचं. प्रत्येकानं एक भूमिका घ्यायची: तलाठी, टँकरवाला, आशाताई, वार्ताहर, निवृत्त फौजी, पार्लरवाली. एकानं सूत्रधार व्हायचं. तो सांगणार, "तुम्ही कचेरीत आलाय. साहेब जाग्यावर नाहीत. काय करता?" मग ज्यानं त्यानं आपापल्या माणसाच्या वतीनं बोलायचं. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. ठरलेल्या आकड्याच्या वर पडलं तर काम झालं. फाशाला भर घालायची सोय होती. साहेबांच्या गावचे असाल तर अधिक एक. कचेरीत ओळखीचा माणूस असेल तर अधिक दोन. हातात शिक्क्याचा कागद असेल तर अधिक तीन.

अमृतानं हे सगळं अण्णांना समजावलं तेव्हा मी तिथंच दिनदर्शिकेतल्या चतुर्थ्या तपासत होते.

"जिंकतंय कोण ह्यात?" अण्णांनी विचारलं.

"कुणीच नाही, अण्णा. गोष्ट पुढं जाते."

"मग इकत कोण घेणार?"

"ज्यांना गोष्ट पुढं न्यायचीय ते."

अण्णांनी पुस्तक उलटसुलट केलं, शिक्क्याच्या नियमापाशी थांबले आणि म्हणाले, "एवढं मात्र बरोबर लिवलंयस बघ." त्या एका ओळीवर खेळ छापायला गेला.

आता माझं काम. गाईड विकलं की प्रकाशक मोकळा होतो, परीक्षेचं काय ते पोरगं बघेल. असला खेळ विकला की काम सुरू होतं. लोक नियमांवरून भांडतात, त्यांना निर्णय द्यावा लागतो. छपाईत चुका होतात, त्यांचं शुद्धिपत्र काढावं लागतं. त्याच त्या गोष्टीला लोक कंटाळतात, त्यांना नव्या पुरवण्या द्याव्या लागतात. याला अमृता 'खेळाला प्रकाशकाचा पाठिंबा' म्हणायची. अण्णांना हे माहीतच नव्हतं. त्यांनी खेळाच्या खोक्याच्या मागं सवयीनं गाईडावरची ओळ टाकली: 'काही अडचण आल्यास प्रकाशकाशी संपर्क साधावा. लेखी उत्तर मिळेल.' गाईडाच्या बाबतीत चोवीस वर्षांत कुणी संपर्क साधला नव्हता. खेळाच्या बाबतीत पहिल्या महिन्यात पत्रांची पिशवी भरली, आणि अण्णा म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे."

पहिला गोंधळ आमचाच होता. बाईंडिंगमध्ये एक फर्मा, म्हणजे सोळा पानांची घडी, दोनदा बांधली गेली आणि पुढची राहूनच गेली. काही प्रतींत तलाठ्याची पानं दोनदा आली आणि टँकरवाला गायब झाला. मी चोवीस वर्षं मुरलेली प्रूफरीडर, लाजेनं अर्धी झाले. पण तक्रार कुणाचीच नाही. चार महिन्यांनी खेळणाऱ्यांच्या एका मंडळानं सहज विचारलं, "आमच्याकडं दोन तलाठी हायती आणि दोघंबी जाग्यावर नसत्यात. ह्यो नियम हाय का चूक?" शुद्धिपत्र पाठवलं. त्यावर त्यांचं उत्तर आलं की पहिलंच बरं होतं.

फलटणकडच्या एका मंडळात सगळे कारखान्यातले होते. त्यांना खेळात चेअरमन पाहिजे होता. अमृता म्हणाली, तो ठेवला की बाकीचं सगळं त्याच्याभोवती फिरेल. तरी त्यांचा रेटा असा की शेवटी 'चेअरमन पुरवणी' काढावी लागली. महिन्याभरात फोन आला.

"म्याडम, खेळ बंद पडलाय."

"का हो?"

"सगळीच चेअरमन झाली. मत द्यायला कोण उरलं न्हाई. आता काय करायचं ते लिवून द्या."

लिहून द्या, हे आमच्याकडं फार. तोंडी निर्णय मी सुरुवातीला फोनवर द्यायची. तासाभरात पुन्हा फोन यायचा, "तुमी काय म्हणाला त्ये हितं कोण मानंना. कागद पायजे." मग लेटरहेडवर उत्तर सुरू झालं. तरी भागेना. जावक क्रमांक नाही म्हणून एका मंडळानं पत्र परत पाठवलं. मग जावक नोंदवही आली, 'विषय' आणि 'संदर्भ' आले, आणि प्रकाशनाचा गोल जांभळा शिक्का आला. अण्णा हिशेबी नाहीत पण सावध आहेत. त्यांनी आणखी एक शिक्का करून आणला, लाल, चौकोनी: 'फक्त खेळासाठी'. "प्रत्येक पत्रावर मारायचा, बाई. उद्या कोण म्हणंल, कचेरी उघडली."

मला हे पत्रलेखन आवडायला लागलं, हे कबूल करते. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सरळ करणाऱ्या बाईला 'सबब', 'उपरोक्त' आणि 'तात्काळ कार्यवाही करावी' असं लिहायला मिळालं की जी नशा चढते ती मी सांगू शकत नाही. माझे मिस्टर म्हणायचे, घरात भाजी संपली तरी तू पत्र काढशील.

आणि मग सुभेदारसाहेब आले. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. चार पुतण्यांना घेऊन दर रविवारी खेळायचे. माणूस शिस्तीचा. साहेब जेवायला गेले तर फासा टाकायचा की थांबायचं, हा त्यांचा पहिला प्रश्न. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत थांबावं, असा मी निर्णय दिला. त्यांनी विचारलं, सुट्टी संपते कधी? याचं उत्तर मला आजही देता येत नाही. एकदा ते स्वतः सांगलीला आले, खुर्चीत ताठ बसले आणि माझी सगळी पत्रं टेबलावर मांडली.

"म्याडम, ऑर्डरी एक नंबर लिवताय तुमी. पण ह्यो लाल शिक्का लय घात करतो."

"का बरं?"

"मी ऑर्डर वाचून दावतो, पोरं सावधान व्हत्यात. आन् मग खाली ह्ये दिसतं, की लागली हसायला. आवं, ऑर्डरवर कोण लिवतं का, ही खरी न्हाई म्हणून?"

मला पटलं. पटलं म्हणजे काय, मनातून तोच लाल शिक्का मलाही सलत होता. इतकं घोटून लिहायचं आणि खाली आपणच म्हणायचं की हे काही खरं नव्हे. त्या दिवसापासून मी लाल शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला. अण्णांना सांगितलं नाही. इथून पुढं जे झालं त्याचं मूळ सुभेदारांत नाही, माझ्या त्या ड्रॉवरात आहे.

जतच्या पलीकडं कर्नाटकाच्या हद्दीजवळ एक गाव आहे. नाव मुद्दाम देत नाही. तिथून शमशाद मुजावर या शिवणकाम करणाऱ्या बाईचं पत्र आलं होतं, ब्लाऊजची मापं लिहायच्या वहीच्या पानावर. तिच्या भावानं कुठल्याशा प्रदर्शनातून खेळ आणला आणि स्वतः पुण्याला कामाला गेला. खोकं हिच्याकडं राहिलं. दुपारी शिवायला टाकलेले कपडे न्यायला बायका यायच्या, त्या बसायला लागल्या आणि शमशाद मशीन चालवता चालवता सूत्रधार झाली. पत्रात लिहिलं होतं: 'फासा शेरडानं गिळला. दुसरा पाठवू नका. आमी धा गुंड्यांवर आकडे लिवल्यात, पिशवीतनं काढतो. चालतंय का त्ये लिवून द्या.' मी निर्णय दिला: सर्व गुंड्या एकाच मापाच्या असाव्यात, जेणेकरून चाचपून काढता येऊ नयेत.

मग पत्रं येत राहिली. खेळातल्या काल्पनिक गावाच्या जागी त्यांनी आपलंच गाव घातलं होतं, याला नियमात मुभा होती. सगळ्यांत गाजलेली खेळाडू लक्ष्मव्वा. मेंढरं राखणाऱ्या घरातली, पन्नाशीची, अक्षरओळख नसलेली बाई. तिनं तलाठी घेतला होता आणि तो असा हुबेहूब वठवायची की बायका शिवण सोडून हसायच्या. फक्त खेळात कागदावर सही करायची वेळ आली की ती म्हणायची, "मी सायेब हाय, सही शमशाद करंल." ती राहायची गावापासून तीनेक किलोमीटरवरच्या वस्तीवर. उन्हाळ्यात टँकर गावातल्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि वस्तीच्या बायका तिथून घागरी वाहायच्या. खेळातही त्यांनी एकच काम धरलं: वस्तीवर टँकर आणायचा.

फेब्रुवारी संपता संपता पत्र आलं. खेळात टँकर मंजूर झाला होता. गुंडी नऊची निघाली होती. पण मंजुरीत 'गावास' असा शब्द होता. शमशाद सूत्रधार म्हणून म्हणत होती, टँकर गावातच थांबणार. लक्ष्मव्वा म्हणत होती, वस्ती काय कर्नाटकात आहे का? 'म्याडम, गाव म्हंजे वस्ती धरून का वस्ती सोडून? निर्णय द्या. लक्ष्मव्वा तीन दिस झालं बोलत न्हाई.'

मी लेटरहेड घेतलं. माझं सर्वोत्तम पत्र ते. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, गाव या संज्ञेत त्याखालील सर्व वाड्या-वस्त्यांचा समावेश होतो. सबब सदर वस्तीस स्वतंत्र टँकर देणे बंधनकारक आहे. तरी तात्काळ कार्यवाही करावी.' खाली 'प्रत: सरपंच, ग्रामसेवक', म्हणजे अर्थात खेळातले. जावक क्रमांक, गोल शिक्का, सही. लाल शिक्का नाही.

पंधरा-वीस दिवसांनी दुपारी फोन वाजला. मवाळ आवाज, थोडा घाईतला.

"म्याडम, तुमच्या पत्राच्या अनुषंगानं विचारायचं होतं. वस्तीचा टँकर. रोज एक का दिवसाआड?"

असले फोन मला दिवसाला चार यायचे. मी न अडखळता म्हटलं, "रोज एक."

"लोकसंख्येप्रमाणं दिवसाआड बसतोय वो."

"जनावरं धरली का तुम्ही? मेंढरं आहेत त्या वस्तीवर. जनावरं धरून हिशेब करा."

"बरोबर, बरोबर. ते राहिलंच." कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. मी नेहमीच्या पद्धतीनं नोंदवहीत लिहायला घेतलं आणि विचारलं, "तुमचे सूत्रधार कोण?"

"म्हंजे?"

"म्हणजे तुमच्यात खेळ कोण चालवतं?"

"म्याडम, मी कचेरीतनं बोलतोय. परस्ताव सायबांच्या टेबलावर हाय, म्हणून विचारलं." आणि आभार मानून त्यानं फोन ठेवला.

मी उठून अण्णांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं, ड्रॉवरासकट. अण्णांनी चष्मा काढला.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "आपण टँकर सोडला?"

"तसंच दिसतंय, अण्णा."

"रोज एक?"

"जनावरं धरून."

अण्णांनी चष्मा पुसून परत चढवला. मग म्हणाले, "आत टाकतील. प्रश्नसंच छापणारा माणूस मी, मला आत टाकतील." त्यांनी स्वतः रद्दपत्र सांगितलं आणि मी ते लिहिलं: सदर पत्र एका खेळाच्या नियमासंबंधी असून त्याचा शासकीय कामकाजाशी संबंध नाही, ते रद्द समजावे. लाल शिक्का त्यांनी स्वतःच्या हातानं मारला, वर एक आणि खाली एक. "टपालानं नको. स्वतः जा. आधी त्या बायकांना सांगा, मग कचेरीत द्या. आणि हा खेळ आता बास."

दुसऱ्या दिवशी मी जतची एसटी धरली. रस्ताभर एकच गोष्ट डोळ्यांसमोर होती: वस्तीवरच्या बायकांनी आशेनं बॅरलं मांडून ठेवलेली असणार आणि मी जाऊन सांगणार, हे खेळातलं होतं. शाळेतल्या पोरांना चुकीचं उत्तर छापून दिलं तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होतं. तहानलेल्या माणसाला काय शुद्धिपत्र देणार? मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

शमशादचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. तीस-बत्तीसची, चुणचुणीत, तोंडात दोन टाचण्या धरून बोलणारी. मला बघून ती आधी गोंधळली, मग हात धरून आत घेतलं. "या म्याडम. चला, आधी वस्तीवर जाऊ, लक्ष्मव्वाला तुमाला बघायचंच हाय." मला बोलू न देता तिनं कुणाच्या तरी जीपमध्ये घातलं.

वस्तीवर बॅरलं होतीच. निळी, रांगेनं, प्रत्येकावर रंगानं आकडा घातलेला. फक्त ती रिकामी नव्हती. टँकर त्याच दिवशी सकाळी चालू झाला होता.

लक्ष्मव्वा उंच, काटक, कपाळभर कुंकू लावलेली. तिनं मला निरखून बघितलं आणि शमशादला म्हणाली, "ह्याच काय सबब म्हणणाऱ्या?" मग आत जाऊन तांब्याभर पाणी आणून दिलं. मी ते प्यायले. पिशवीत त्या पाण्याचं रद्दपत्र होतं आणि मी ते पाणी प्यायले, हे मी अजून विसरलेले नाही.

"लक्ष्मव्वा," मी म्हटलं, "माझी फार मोठी चूक झाली आहे. ते पत्र खरं नव्हतं. खेळातलं होतं. त्यावर तसा शिक्का मारायला पाहिजे होता, मी मारला नाही."

दोघी एकमेकींकडं बघून हसल्या.

"आमाला ठाऊक हाय की, म्याडम," शमशाद म्हणाली. "आमीच इचारलेला खेळातला परश्न. आमाला न्हाई ठाऊक व्हय?"

"मग कचेरीत कसं गेलं ते?"

"आमचा अर्ज गेला. त्यो खराच हाय. तीन वर्सं देतोय, दर उन्हाळ्यात. लक्ष्मव्वाचा आंगठा पयला, मग बाकीच्यांचं. एकालाबी उत्तर न्हाई. औंदा ग्रामसेवक भाऊंना म्हणलं, अर्जाला तुमचं पत्र जोडा. त्यांनी जोडलं."

"पण हे पत्र कुणाचं, ते त्यांना सांगितलं नाही?"

"वर मोट्या अक्षरात तुमच्या परकाशनाचं नाव हाय, म्याडम. कुणी वाचलं न्हाई. कुणी इचारलं आसतं तर सांगितलं आसतं."

लक्ष्मव्वानं माझ्यासमोर तीन बोटं नाचवली. "आदिक तीन," ती म्हणाली.

त्या क्षणी मला हसू आलं आणि भीतीही वाटली. वस्ती टँकरला पात्र होती, मोजणी खरी होती, मेंढरं खरी होती. खोटं काय ते माझं एकटीचं पत्र होतं, आणि हललं होतं ते त्या खोट्यानंच. मी पिशवीतून रद्दपत्र काढलं. "मला हे कचेरीत द्यावं लागेल. अण्णांची नोकर आहे मी. आणि उद्या हे उघडं पडलं तर तुमच्या ग्रामसेवकालाही त्रास होईल."

हसणं थांबलं. लक्ष्मव्वानं बॅरलांकडं बघितलं, मग माझ्याकडं. आजवर मला खूप लोकांनी नावं ठेवलीत, पण असं कुणी न बोलता बघितलेलं नाही. शमशादनं माझ्या हातातलं पत्र घेतलं, वरून खालपर्यंत वाचलं, दोन्ही लाल शिक्के बघितले आणि परत दिलं.

"द्या की, म्याडम," ती शांतपणे म्हणाली. "खिडकीत आवकला द्या. पोच घ्या. आमी बी तसंच देतो."

मी जतला आले. खिडकीतल्या माणसानं पत्र घेतलं, माझ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारला आणि न वाचता पत्र बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवलं. मी म्हटलं, "महत्त्वाचं आहे." तो नम्रपणे म्हणाला, "समदीच महत्त्वाची आसत्यात, म्याडम." शमशाद काय म्हणाली होती ते मला परतीच्या एसटीत, कवठेमहांकाळ आल्यावर समजलं.

त्या रद्दपत्राला उत्तर आलं नाही. अण्णा दोन महिने फोन वाजला की दचकत होते. टँकर पाऊस पडेपर्यंत रोज येत राहिला. रद्दपत्र हे खरं पत्र होतं, त्यामुळं त्याचं जे व्हायचं तेच झालं. वाचकांना वाटेल मला त्या खोट्या पत्राची लाज वाटत असेल. नाही. मला लाज वाटते ती मी हातानं नेऊन दिलेल्या खऱ्या पत्राची. ते कुणी वाचलं असतं तर?

खेळ अण्णांनी बंद केला. टँकरमुळं नाही, अभ्यासक्रम बदलला म्हणून, असं ते आजही सांगतात. अमृता बेंगळुरूला गेली. गोल शिक्का आणि जावक वही मी कार्यालयात जमा केली आणि निवृत्त झाले. सुभेदारसाहेबांनी मात्र कळवलं की बंदची ऑर्डर त्यांना मिळालेली नाही, सबब रविवार चालू राहील.

पुढच्या मार्चमध्ये शमशादचं पत्र माझ्या घरच्या पत्त्यावर आलं. मापाच्या वहीचंच पान. 'औंदा टँकर परत गावातच थांबतोय. मागचा कागद मागच्या सालाचा म्हणत्यात. म्याडम, नवीन निर्णय द्या.'

मी दोन दिवस ते पत्र घेऊन घरात फिरले. लेटरहेड नव्हतं, शिक्का नव्हता. आणि असता तर मी मारला असता का? मारला असता, असं मला लिहायला आवडलं असतं. शेवटी साध्या कागदावर लिहिलं: 'खेळ बंद झाला आहे. त्याला आता प्रकाशकाचा पाठिंबा नाही. मला निर्णय देता येत नाही. पाण्याचं काय होतंय ते कळव.' सहा वर्षांतलं माझं सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत वाईट उत्तर. माझ्या मिस्टरांनी ते पोस्टात टाकलं, मला टाकवेना.

एप्रिलमध्ये पाकीट आलं. लांब, पांढरं, खिडकीचं. आत जतला कुठंतरी कॉम्प्युटरवर करून घेतलेलं लेटरहेड. 'तालुका महिला मंडळ', खाली वस्तीचं नाव. जावक क्रमांक एक. गोल जांभळा शिक्का, जरा तिरका बसलेला.

'संदर्भ: आपले पत्र. विषय: खेळास पाठिंबा देणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर खेळास यापुढे आमचा पाठिंबा राहील. आपणास काही अडचण आल्यास मंडळाशी संपर्क साधावा. लेखी उत्तर मिळेल. तसेच पाण्याचा अर्ज याच शिक्क्यावर दिला असून वस्तीस टँकर सोमवारपासून चालू झाला आहे. रोज एक, जनावरे धरून.'

लाल शिक्का कुठं आहे का, हे मी सवयीनं उलटून बघितलं. नव्हता. लागतही नव्हता.

सगळ्यात खाली 'अध्यक्ष' असं छापलेलं होतं आणि त्याच्यावर निळ्या शाईनं, एकेक अक्षर सुटं सुटं काढून, शेवटचा काना रेघेबाहेर गेलेलं नाव होतं: लक्ष्मव्वा. अंगठा नव्हता. तलाठ्यानं सही केली होती.